नानांची नस्ती

फवारणीचा आमचा पहिला ड्रोन दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेवर उडाला, तेव्हा बागवाला, त्याची बायको, दोन मजूर, बांधावरचं कुत्रं आणि आम्ही दोघे भागीदार असे सगळे माना वर करून बघत होतो. नाना तेवढे खाली बघत होते. मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. ‘उड्डाण सकाळी 8 वाजून 12 मिनिटे’ एवढं लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि शेजारच्या मजुराला विचारलं, “उडाला ना?”

मजूर म्हणाला, “हो, उडाला की.”

“मग इथं सही कर.”

नाना म्हणजे माझ्या भागीदाराचे सख्खे चुलते. महसूल खात्यातले अव्वल कारकून. 31 मे 2020 ला निवृत्त झाले, ते ऐन टाळेबंदीत. त्यामुळे शाल नाही, श्रीफळ नाही, साहेबांचं भाषण नाही, ग्रुप फोटो नाही. नाना म्हणतात, निरोप समारंभाचा एकही पुरावा दप्तरी उपलब्ध नसताना मी निवृत्त झालो असं तुम्ही कशावरून म्हणता? पेन्शन मात्र घेतात. तो वेगळा विषय आहे, वेगळी नस्ती आहे.

पुढच्याच वर्षी आम्ही दोघांनी नाशकात ड्रोनचा धंदा काढायचं ठरवलं. विचार सरळ होता. ड्रोन घ्यायचा, लग्नं शूट करायची, गंगापूर धरणाच्या काठावर प्री-वेडिंगवाल्या जोड्या पळवायच्या आणि पैसे कमवायचे. घरात पेढे वाटले. नानांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

“परवाना कोणाच्या नावावर आहे?” त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो पेढा नानांनी रुमालात बांधून ठेवला. “परवाना आल्यावर खाईन,” म्हणाले.

त्या वेळी खरंच परवाना होता. 2018 च्या नियमांप्रमाणे ड्रोनचा धंदा करायचा तर ऑपरेटर परमिट घ्यावं लागे. फी 25 हजार रुपये, मुदत पाच वर्षं. 12 मार्च 2021 ला त्यावर नवे नियम आले आणि ते वाचून आमच्या पोटात गोळा आला. फॉर्मच 25. फीचे प्रकार 72. नाना मात्र असे खुलले, की काकू म्हणाल्या, टाळेबंदीनंतर पहिल्यांदा यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्यांनी ते राजपत्र छापून आणलं, बाइंडरकडून शिवून घेतलं आणि लाल खारव्याच्या बासनात बांधलं. रोज पहाटे उठून लाल-निळी पेन्सिल घेऊन बसत. महिन्याभरात 25 फॉर्म असे पाठ झाले, की झोपेतून उठवून अकरावा विचारा, रकान्यांसकट सांगतील.

25 ऑगस्ट 2021 ला सरकारने ते सगळे नियम मोडीत काढले. जेमतेम साडेपाच महिन्यांचं आयुष्य. नवे ड्रोन नियम आले. 25 फॉर्मचे पाच झाले, 72 प्रकारच्या फीचे चार झाले. ऑपरेटर परमिट गेलं. देखभालीचं प्रमाणपत्र गेलं, अनुरूपतेचं गेलं, शिकाऊ पायलटचं लायसन गेलं, जुने ड्रोन दाखल करून घेण्याची मान्यता गेली. देशभरातली ड्रोनवाली पोरं नाचत होती. आमच्या घरी नाना चष्मा कपाळावर सरकवून रद्द झालेल्या मंजुऱ्यांची यादी वाचत होते, पेपरातलं निधनवृत्ताचं पान वाचावं तशी. मधेच थांबून म्हणाले, “हीसुद्धा गेली? चांगली होती रे.” संध्याकाळचा चहा तसाच निवला. पेढा रुमालात होता, त्याचं काय झालं ते काकूंनाच ठाऊक.

आम्हाला वाटलं, सुटलो. आता परवानाच नाही म्हटल्यावर नाना काय सांभाळणार? आमचा हा अंदाज किती कच्चा होता, ते कळायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी त्यांनी बासन सोडलं, जुने नियम अभिलेखात टाकले, नवे नियम शिवून आणले आणि टेबलावर पाच रिकाम्या फायली मांडल्या. डी-1 पासून डी-5 पर्यंत.

“परमिट गेलं म्हणून उड्या मारू नका,” ते म्हणाले. “पूर्वी एक मोठा कागद होता, तो सगळ्यांवर छत्री धरायचा. आता छत्री नाही. आता प्रत्येकाने आपापला कागद डोक्यावर धरायचा. ड्रोनने वेगळा, पायलटने वेगळा.”

नानांच्या भाषेत या कागदांना सरकारी नावं नाहीत. ड्रोनच्या मॉडेलला मिळणारं टाइप सर्टिफिकेट हा ‘जातीचा दाखला’. तो बनवणाऱ्या कंपनीने काढायचा, आपण घेताना तपासून घ्यायचा. डी-2 भरून, 100 रुपये भरून ड्रोनला जो ओळख क्रमांक मिळतो, तो ‘जन्मदाखला’. पायलटचं सर्टिफिकेट म्हणजे ‘शाळा सोडल्याचा’, कारण ते प्रशिक्षण संस्थेकडून येतं आणि पोराबरोबर जातं. आणि ड्रोन विकला, हरवला, मोडला की भरायचा तो डी-3. विकला तर त्याला ‘वारस नोंद’ म्हणायचं, कायमचा मोडला तर ‘मृत्यूदाखला’. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला ही बोलणी कानावर पडली, की तो दारावरची पाटी पुन्हा वाचून येतो.

नानांचं म्हणणं असं, की परवाना काढणं म्हणजे नुसतं बारसं. घुगऱ्या खाऊन सगळे घरी जातात, मूल आईलाच वाढवावं लागतं. कागद ज्या दिवशी निघतो त्या दिवशी तो खरा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी धंदा उठतो आणि कागदाला खोटं पाडायला सुरुवात करतो. पोरगं नोकरी सोडतं, ऑफिस हलतं, नवा ड्रोन येतो, जुन्याला कुणी तरी भलतीच टाकी बसवतं. हे इथवर सगळं बरोबर आहे, आणि मी तर म्हणेन की आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ते कळलेलं नाही. गडबड पुढे आहे. कागद आणि धंदा यांत फरक पडला, तर आपण कागद दुरुस्त करू. नाना आधी धंदा थांबवतात.

उदाहरणार्थ, आम्ही ऑफिस बदललं. त्याच इमारतीत. पहिल्या मजल्यावरचा गाळा सोडून तळमजल्यावर आलो, कारण ड्रोन जिन्यातून उतरवताना त्याचे हात कठड्याला घासत. टेबलं आली, संगणक आला, गणपतीची तसबीर आली. नाना आले नाहीत. ते वर, रिकाम्या गाळ्यात, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते.

“नाना, खाली या. ऑफिस खाली आलंय.”

“कागदोपत्री ऑफिस इथंच आहे,” ते म्हणाले. “खाली आहे ते अतिक्रमण.”

जीएसटीचा पत्ता बदलायला पंधरा दिवसांची मुदत असते. बँक, विमा, ड्रोनच्या नोंदणीतला पत्ता, या सगळ्यांना मिळून तीन आठवडे लागले. तेवढे दिवस आम्ही नानांचा चहा वर नेऊन देत होतो. घरमालकाने नवीन भाडेकरू आणला, तर नानांनी त्याला समोर बसवून विचारलं, “आपलं काय काम होतं?” शेवटचा पत्ता बदलल्याचा मेल आला, तसे ते उठले, खुर्ची उचलली, जिना उतरले आणि वहीत लिहिलं, ‘आज रोजी माध्यान्हपूर्व कार्यालयाचे स्थलांतर झाले.’

एक मान्य करायला हवं. या माणसाने आमचे पैसे वाचवलेत. माझा भागीदार, म्हणजे त्यांचा पुतण्या, तसा हुशार, पण मोठ्या टाकीचा मोह त्याला आवरत नाही. फवारणीच्या आमच्या ड्रोनची टाकी दहा लिटरची. पुन्हा पुन्हा भरावी लागते. त्याने कुठून तरी सोळा लिटरची टाकी आणली आणि रात्रीतून बसवली. सकाळी नाना आले, ड्रोनकडे बघितलं, काही बोलले नाहीत. टेम्पो बोलावला, ड्रोन चढवला आणि थेट कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गेले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, दोन गोण्यांच्या मधल्या वेळात, ड्रोन ठेवला आणि टाकी पाण्याने काठोकाठ भरली.

हमालाने आकडा वाचला, “तीस किलो सहाशे.”

“पावती फाड,” नाना म्हणाले.

नियम असा, की 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, त्यावर 150 किलोपर्यंत मीडियम. हे वजन मोजायचं ते भरलेल्या टाकीसकट. दहा लिटरच्या टाकीने आमचा ड्रोन 24 किलो 600 ग्रॅम भरत होता, स्मॉलमध्ये बसत होता. टाकी बदलली आणि रातोरात त्याचा वर्ग बदलला. जातीचा दाखला लागू होईना, कारण ज्या रचनेला दाखला मिळाला ती ही रचनाच नव्हे. पोरांची सर्टिफिकेटं स्मॉलची, तीही लागू होईनात. विमा तर अशा वेळी हसतमुखाने हात वर करतो. पुतण्या म्हणाला, “नाना, कोण बघतंय?” नानांनी कांद्याच्या पावतीची झेरॉक्स काढून त्याच्यापुढे ठेवली. “मी बघतोय. आणि दंड एक लाखापर्यंत आहे. त्यात तुझ्या टाक्या किती येतील ते सांग.” टाकी आता ऑफिसात पिण्याच्या पाण्याला लावली आहे. ती पावती डी-1 च्या फायलीत आहे, ‘माल: कांदा’ अशी.

मग पायलटांची गोष्ट. 2022 च्या फेब्रुवारीत सरकारने रिमोट पायलटचं लायसन काढून टाकलं, सर्टिफिकेट ठेवलं. नानांना लायसन गेल्याचं वाईट वाटलंच, पण पासपोर्टची अट राहिली यावर त्यांनी समाधान मानलं. आमचा एक पायलट सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. दहावी पास, हात असा स्थिर की ड्रोनवर पेला ठेवला तर पाणी सांडणार नाही. पण पासपोर्ट कुठला? नानांनी त्याचा अर्ज भरला. पोलीस पाड्यावर चौकशीला गेले. पोरगा परदेशी चाललाय अशी हवा झाली. आठवड्यात तीन स्थळं सांगून आली. त्यातल्या एका मुलीच्या बापाने त्याला विचारलं, दुबईला का कुवेतला? पोरगा खरं बोलला, “निफाडला.” स्थळ गेलं.

27 सप्टेंबर 2023 ला नियम पुन्हा बदलला. पासपोर्टची सक्ती गेली, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, गाडीचं लायसन यांपैकी काहीही चालेल असं झालं. त्या पोराने नानांकडे एकदा नुसतं बघितलं. नाना म्हणाले, “नियम त्या दिवशी तोच होता. आपण त्या दिवशी बरोबर होतो.” पासपोर्ट अजून कोरा आहे.

हे पायलट दाढी वाढवतात, काढतात. नानांना ते खपत नाही. फोटोत मिशी असेल तर शेतात मिशी पाहिजे. लग्न ठरलेल्या एका पायलटाला त्यांनी सांगितलं, बायकोचं ऐकायचं ते फोटो बदलून आल्यावर.

नाशकात ड्रोन उडवायचा म्हणजे नकाशा आधी बघावा लागतो. एकीकडे ओझरचा विमानतळ आणि विमानाचा कारखाना, दुसरीकडे देवळालीचं तोफखान्याचं ठाणं, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी, पिवळ्यात हवाई नियंत्रण कक्षाची, हिरव्यात 400 फुटांपर्यंत काही नको. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र 200 फुटांपर्यंतच मोकळीक. पूर्वी पिवळा भाग 45 किलोमीटरपर्यंत पसरला होता, तो 12 वर आला. नानांनी या नकाशाचा मोठा प्रिंट भिंतीवर लावला आहे. काकू एकदा डबा द्यायला आल्या, त्यांनी लांबून बघितलं आणि म्हणाल्या, हळदीकुंकवाचं तबक काढलंय का? हिरवा भाग त्यांना विड्याची पानं वाटला. नानांनी तेव्हापासून तेच नाव रूढ केलं. पायलट फोनवर विचारतो, “नाना, हे शेत कुठं येतं?” नाना भिंतीकडे न बघता सांगतात, “पानावर. पण दीडशे पावलं पूर्वेला सरकलास की हळद लागेल.”

हा नकाशा कायमचा नसतो हीच नानांची मुख्य तक्रार आणि मुख्य आनंद. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता रेड झोन करू शकतो. कुणी मंत्री येतो, मिरवणूक निघते, आणि काल पान होतं तिथं आज कुंकू पडतं. म्हणून नाना उड्डाणाच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघतात, त्याचा स्क्रीनशॉट काढतात, तो छापतात आणि छापलेल्यावर तारीख-वेळ घालून सही करतात. वर, हिरव्या भागात गरज नसतानाही, पोलीस ठाण्यात पत्र देतात. ठाण्यातल्या हवालदाराने एकदा वैतागून विचारलं, “काका, परवानगी लागतच नाही तर पत्र कशाला देता?”

“परवानगी मागत नाहीये. कळवतोय. पोच द्या.”

“पोच कशाची?”

“मी कळवल्याची.”

हवालदाराने शिक्का मारला. आता त्याच्या मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं काम नाना बघतात.

ओटीपीशी मात्र त्यांचं जमलं नाही. पोर्टलवर लॉग इन करताना ओटीपी पुतण्याच्या फोनवर येतो, पुतण्या शेतात, फोन गाडीत. नाना म्हणतात, ओटीपी म्हणजे तोंडी आदेश, दहा मिनिटांत फिरवला जातो. पूर्वी सगळं डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर होतं, मग कामं ई-जीसीए या दुसऱ्या पोर्टलवर गेली. त्या आठवड्यात नानांनी आधीच्या पोर्टलवरचं प्रत्येक पान छापून ठेवलं, अगदी ‘पासवर्ड विसरलात?’ हे पानसुद्धा. “चार्ज घेताना काय होतं काय नव्हतं याची यादी पाहिजे,” म्हणाले.

2025 च्या सप्टेंबरात नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा जाहीर झाला आणि सूचना-हरकती मागवल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांपूर्वीचं तेज आलं. ड्रोन धंद्यातले लोक जाच वाढणार म्हणून हरकती घेत होते. नानांनीही हरकत घेतली. त्यांची हरकत अशी, की फॉर्म कमी आहेत.

आता विहिरीची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

गोडी छाटणीनंतरचे दिवस. डावणी रोगाची भीती असल्याने फवारणीला दम नव्हता. निफाड तालुक्यात एका बागेवर आमचा ड्रोन अचानक तिरका झाला, जाळीवरून सरकला आणि विहिरीत गेला. विहीर तुडुंब. कुणाला काही झालं नाही. पायलट, तोच पासपोर्टवाला, कठड्यावर बसून रडत होता. त्याने थरथरत नानांना फोन लावला.

“किती वाजता पडला?” हा नानांचा पहिला प्रश्न.

“नाना, लाखोंचा ड्रोन गेला हो!”

“ते कळलं. किती वाजता?”

अपघात झाला की 48 तासांच्या आत कळवावं लागतं. नानांनी 47 तास शिल्लक असतानाच कळवलं. दोन दिवस गळ टाकले, पाणबुड्या पोरं उतरवली, गाळात काही सापडेना. विम्याची माणसं येऊन गेली. मग नानांनी डी-3 भरला आणि ड्रोनची नोंदणी रद्द करून घेतली. वहीत त्या क्रमांकावर लाल शाईने आडवी रेघ मारली, आणि समोरच्या रकान्यात, मला वाटतं जरा हळव्या हाताने, लिहिलं, ‘मयत.’ त्या दिवशी ते खरोखर कुणाशी बोलले नाहीत. ज्या यंत्राकडे त्यांनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं, त्याच्या पहिल्या उड्डाणाची सही असलेलं पान मात्र उघडून बसले होते.

एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसला. एके दुपारी तो बागवाला मोटारसायकलवर आला. मागे, कॅरिअरला सुतळीने बांधलेला, शेवाळाने हिरवा झालेला, एक हात तुटलेला आमचा ड्रोन. त्याने तो आणून नानांच्या टेबलावर ठेवला. टेबलाच्या काचेवर चिखलाचं पाणी पसरलं. पुतण्या धावत आला, मोटारी फिरवून बघू लागला. “तीन चांगल्या आहेत! नाना, नवी बॅटरी टाकली तर उडेलसुद्धा!”

नानांनी आधी वही उचलून कोरड्या जागी ठेवली. मग चष्मा लावून शेवाळाखालचा क्रमांक अंगठ्याने पुसला, वहीतल्या लाल रेघेखालच्या क्रमांकाशी एकेक आकडा ताडून बघितला.

“क्रमांक तोच आहे,” ते म्हणाले. “पण दप्तरी हा मयत आहे. याला उडवता येणार नाही.”

“अहो, पण समोर दिसतोय ना!”

“मीसुद्धा दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन साहेबाच्या समोर उभा राहतो,” नाना म्हणाले. “दिसतो मी त्याला, ओळखतोही. तरी हयातीचा दाखला घेतल्याशिवाय पेन्शन सोडतो का?”

बागवाला खुर्चीच्या कडेला टेकला. त्याला उन्हातून यायचा शीण झाला असावा. त्याने विचारलं, “मग मी हे परत घेऊन जाऊ का?”

“थांबा,” नाना म्हणाले, आणि खणातून कोरा कागद काढला. “आधी पोच देतो.”